पेठेत पडणारे पाणी, पेठेत येणारे पाणी

जूनच्या पहिल्या पंधरवड्यात अप्पा बळवंत चौकात पाय ठेवायला जागा नसते. शाळा उघडणार म्हणून अर्धे पुणे पाठ्यपुस्तकांसाठी इथे लोटलेले असते, आणि नेमका त्याच दिवसांत पाऊस येतो. दुकानांच्या फळ्यांवरून निळे-पिवळे प्लास्टिक खाली ओढले जाते आणि गठ्ठे आत सरकवले जातात. त्या गठ्ठ्यांतल्या भूगोलाच्या पुस्तकात जलचक्राचे चित्र ठरलेले असते. एका बाजूला समुद्र, वर सूर्य, समुद्रातून वर जाणारे बाण, मग ढग, डोंगर, डोंगरातून उतरणारी नदी आणि नदीचे पुन्हा समुद्राला मिळणे. चित्रात चूक काहीच नाही. पण त्यात गाव नसते, गल्ली नसते, नळ नसतो आणि गटारही नसते. पुस्तक विकत घेणारे पोर ज्या रस्त्यावर भिजत उभे आहे तो रस्ता त्या चित्रात कुठे येतो, हे त्याला कोणी सांगत नाही.

या प्रकरणात बुधवार पेठ त्या चित्रात बसवायची आहे. पेठ लहान आहे. शनिवारवाड्यापासून तुळशीबागेपर्यंत रमतगमत चालले तरी फार वेळ लागत नाही. पण एवढ्याशा जागेत दोन वेगवेगळी पाणी भेटतात. एक आभाळातून पेठेवर पडते. दुसरे दूर सह्याद्रीवर पडून, धरणात साठून, नळाने पेठेत येते. पेठ पिते ते दुसरे. पहिले ती जमेल तितक्या लवकर गटारात घालवते. या दोन पाण्यांचा हिशेब समजला की हवा, हवामान आणि जलचक्र या तिन्ही गोष्टी एकमेकींत कशा गुंतलेल्या आहेत ते उलगडत जाते.

सुरुवात डोळ्यांना न दिसणाऱ्या पाण्यापासून करू. मार्च महिन्यात तुळशीबागेत खरेदी करून दमलेला माणूस थंडगार ताकाचा ग्लास हातात घेतो. ग्लास बाहेरून जवळजवळ कोरडा राहतो. तोच माणूस जूनअखेर तसाच ग्लास घेतो, तेव्हा मिनिटभरात काचेवर थेंब जमून ओघळू लागतात. ताक तेवढेच थंड आहे, बदलली आहे ती हवा. हवेत पाण्याची वाफ नेहमीच असते. हवा थंड करत गेले की एका ठराविक तापमानाला तिला ती वाफ पेलवत नाही आणि वाफेचे पाणी होते. त्या तापमानाला दवबिंदू म्हणतात. मार्चमधल्या पुण्याच्या कोरड्या दुपारी दवबिंदू इतका खाली असतो की ताकाचा ग्लास तिथवर जेमतेम पोचतो. पावसाळ्यात तो वीस अंशांच्या वर जातो, म्हणून थंड वस्तू हवेत आली की तिला लगेच पाझर फुटतो. ढगात घडते ते हेच. फरक इतकाच की तिथे काचेऐवजी धुळीचे आणि समुद्री मिठाचे सूक्ष्म कण असतात, त्यांच्यावर वाफ जमते.

पृथ्वीवरच्या एकूण पाण्यापैकी सुमारे ९७ टक्के पाणी समुद्रात आहे. हवेतली वाफ त्यापुढे नगण्य. जगभरची सगळी वाफ एकदम खाली पडली तर साऱ्या पृथ्वीवर साधारण २५ मिलिमीटर, म्हणजे एक इंचच पाणी होईल. तरीही वर्षभरात जगात सरासरी एक मीटर पाऊस पडतो, कारण ही वाफ थांबत नाही. पाण्याचा एक कण हवेत सरासरी नऊ-दहा दिवसच राहतो, मग पडतो. समुद्रात त्याचा मुक्काम हजारो वर्षांचा असतो. जलचक्राचा सगळा वेग या हवेतल्या छोट्या, घाईच्या मुक्कामात आहे.

आणि सगळी ताकदही तिथेच आहे. एक लिटर पाण्याची वाफ करायला सुमारे २५ लाख ज्यूल उष्णता लागते. विजेच्या बिलाच्या भाषेत सांगायचे तर साधारण पाऊण युनिटला थोडे कमी. ही उष्णता नाहीशी होत नाही. वाफ ती आपल्याबरोबर घेऊन जाते आणि ढगात पुन्हा पाणी होताना सोडून देते. आता असा हिशेब करा: एक मिलिमीटर पाऊस म्हणजे एका चौरस मीटरवर एक लिटर पाणी. एका चौरस किलोमीटरवर शंभर मिलिमीटर पाऊस पडला तर ते दहा कोटी लिटर झाले, आणि ते तयार होताना वरच्या हवेत जवळजवळ सात कोटी युनिट उष्णता मोकळी झाली. मेघगर्जना, सोसाट्याचा वारा, गारा, हे सगळे त्या उष्णतेवर चालते. समुद्रावर पडलेले ऊन वाफेच्या रूपाने शेकडो किलोमीटर प्रवास करून पेठेच्या डोक्यावर खर्च होते.

वळवाच्या पावसात हे डोळ्यांसमोर घडते. एप्रिल-मे महिन्यांत सकाळ लख्ख असते. दुपारी बारानंतर कौले, पत्रे, डांबर तापून लाल होतात आणि जमिनीलगतची गरम हवा वर चढू लागते. त्या दिवशी अरबी समुद्राकडून किंवा बंगालच्या उपसागराकडून थोडी दमट हवा आलेली असेल आणि वर उंचावर हवा थंड, कोरडी असेल, तर हा चढ थांबत नाही. तीन वाजता क्षितिजावर पांढरे गठ्ठे दिसतात, चार वाजता ते काळे होतात, आधी मातीचा वास घेऊन वारा येतो आणि मग टपोरे थेंब. अर्ध्या तासात खेळ संपतो. कात्रजला झोडपून काढणारा वळीव कित्येकदा पेठेत थेंबभरही पडत नाही, कारण असा एक ढग काही किलोमीटरच रुंद असतो. हवामान खाते ‘तुरळक ठिकाणी’ म्हणते तेव्हा त्याचा अर्थ एवढाच असतो की असे ढग उठतील हे कळते, पण नेमके कोणत्या गल्लीवर, हे आदल्या दिवशी सांगता येत नाही.

रोजची हवा आणि हवामान यांतला फरक समजून घ्यायला मला वाळवणासारखे दुसरे उदाहरण सापडत नाही. पेठेतल्या गच्च्यांवर चैत्र-वैशाखात कुरडया, पापड, सांडगे पसरले जातात. ते त्याच महिन्यांत का? कारण पिढ्यान्‌पिढ्यांच्या अनुभवाने कळले आहे की या दोन महिन्यांत ऊन कडक, हवा कोरडी, आणि ओल्या पिठातले पाणी दोन-तीन दिवसांत उडून जाते. हे हवामान. आज दुपारी चार वाजता ढग पाहून ‘अगं, कुरडया उचला’ अशी हाक जिन्यातून येते, ती हवा. वाळवण कोणत्या महिन्यात घालायचे ते हवामान ठरवते, आज गच्चीवर राहायचे की नाही ते हवा ठरवते. एखाद्या वर्षी वैशाखात चार दिवस वळीव आला म्हणून वाळवणाचा महिना कोणी बदलत नाही. पण तो पंधरा-वीस वर्षे सतत येऊ लागला, तर मात्र बदलावा लागेल.

शास्त्रज्ञ हेच तीस वर्षांच्या हिशेबाने करतात. जागतिक संकेतानुसार तीस वर्षांच्या नोंदींची सरासरी म्हणजे त्या जागेचे ‘सामान्य’ हवामान. पुण्याची ही नोंद शिवाजीनगरच्या वेधशाळेत होते. पेठेतून नदी ओलांडली की काही मिनिटांच्या अंतरावर. तिथला पर्जन्यमापक सकाळी साडेआठला वाचतात, म्हणून वर्तमानपत्रात ‘चोवीस तासांत’ म्हणून छापलेला पाऊस हा काल सकाळी साडेआठपासून आज साडेआठपर्यंतचा असतो. याच वेधशाळेच्या दप्तरात १७ जानेवारी १९३५ चे १.७ अंश तापमान आहे आणि ३० एप्रिल १८९७ चे ४३.३ अंशही. हे दोन्ही दिवस पुण्याची हवा होते, यातला एकही पुण्याचे हवामान नाही. तसेच मोसमी पावसाचे. पुण्यात तो साधारण १० जूनच्या सुमाराला येतो असा सरासरीचा ठोकताळा आहे, पण २०२५ साली तो २६ मे रोजीच मुंबई आणि पुण्यात दाखल झाला. सरासरी त्यामुळे लगेच चुकीची ठरत नाही, पण तिच्यातल्या तीस वर्षांत हे एक वर्ष आता धरले जाईल.

या वेधशाळेचा इतिहास पुणेकरांनी अभिमानाने सांगावा असा आहे. भारतीय हवामान खाते १८७५ साली स्थापन झाले. त्यानंतर लगेच १८७६-७८ चा भीषण दुष्काळ पडला, दख्खन होरपळून निघाले, आणि येणारा पावसाळा कसा असेल ते आधी सांगता यावे ही निकड सरकारला जाणवली. हेन्री ब्लॅनफर्ड यांनी हिमालयातल्या बर्फावरून अंदाज बांधायला सुरुवात केली. पुढे गिल्बर्ट वॉकर यांनी जगभरच्या नोंदी ताडून पाहिल्या आणि त्यांना दिसले की प्रशांत महासागरावरचा हवेचा दाब आणि हिंदी महासागरावरचा दाब एकमेकांच्या उलट वरखाली होतात. आज एल निनो म्हणून जे ओळखले जाते त्याचा धागा तिथे सापडला. महाराष्ट्राच्या आठवणीत कोरला गेलेला १९७२ चा दुष्काळ एल निनोच्याच वर्षात पडला होता. हवामान खात्याचे मुख्य कार्यालय १९२८ साली सिमल्याहून पुण्यात आले, म्हणून शिवाजीनगरच्या त्या दगडी इमारतीला आणि चौकाला पुणेकर आजही सिमला ऑफिसच म्हणतात. १९६२ मध्ये उष्णदेशीय हवामानाच्या संशोधनाची संस्थाही पुण्यातच सुरू झाली, ती पाषाणला आहे. भारताच्या पावसाळ्याचा अभ्यास करणारी इतकी माणसे एका शहरात दुसरीकडे क्वचितच असतील.

आता पेठेवर पडणाऱ्या पावसाकडे येऊ. पुण्यात वर्षाला साधारण साडेसातशे मिलिमीटर पाऊस पडतो. पश्चिमेला लोणावळ्यात चार हजारांच्या वर, महाबळेश्वरला साडेपाच हजारांच्याही पलीकडे. पूर्वेला दौंड-बारामतीकडे जावे तर पाचशेच्या आसपास किंवा त्याहूनही कमी. महाबळेश्वर सोडले तरी एकाच जिल्ह्यात, मोटारीने तीन-चार तासांत ओलांडता येईल इतक्या पट्ट्यात, पाऊस आठपटीने बदलतो. याचे कारण सह्याद्री. जूनमध्ये अरबी समुद्रावरून नैर्ऋत्येचे वारे ओथंबलेली हवा घेऊन येतात आणि कोकण ओलांडताच कड्याला धडकतात. हवेला वर चढल्याशिवाय गत्यंतर नसते. वर दाब कमी, म्हणून ती प्रसरण पावते आणि थंड होते. ढग धरेपर्यंत ती दर किलोमीटरला सुमारे दहा अंशांनी गार होते. दवबिंदू गाठला की ढग धरतो आणि ताम्हिणी, मुळशी, टेमघरवर पाऊस कोसळू लागतो. माथा ओलांडून हवा पुण्याकडे उतरू लागते तेव्हा उलटे घडते. ती दाबली जाते, गरम होते, उरलेली वाफ तिला सहज पेलते. म्हणून श्रावणात पुण्यावर ढग दिवसभर असतात आणि पाऊस मात्र भुरभुरतो. पेठेतला माणूस ज्याला रिमझिम म्हणतो, ती सह्याद्रीने आपला वाटा काढून घेतल्यावर उरलेली शिल्लक आहे.

पेठ शिल्लकीवर जगत नाही याचे कारण टेमघर, वरसगाव, पानशेत आणि खडकवासला ही चार धरणे. चारही मिळून सुमारे २९ टीएमसी पाणी साठवतात. एक टीएमसी म्हणजे जवळपास २,८३१ कोटी लिटर. मुठा, मोसे आणि आंबी या नद्यांच्या उगमांकडचा पाऊस या धरणांत अडतो, खडकवासल्यात एकत्र येतो आणि तिथून शहराकडे निघतो. खडकवासल्याचे धरण १८७९ साली पुरे झाले. तेव्हापासून पुण्याची तहान पुण्याच्या पावसाशी फारशी बांधलेली राहिली नाही. पेठेत ऑगस्टभर कोरडे गेले तरी टेमघरला झड लागली असेल तर चिंता नसते. आणि पेठेत मुसळधार पाऊस पडूनही घाटात उघडीप असेल, तर पुढच्या उन्हाळ्यात पाणीकपात ठरलेली.

२५ जुलै २०२४ रोजी हे सगळ्या शहराने अनुभवले. शिवाजीनगरला चोवीस तासांत ११४ मिलिमीटर पाऊस झाला, पुण्याच्या मानाने फारच मोठा. पण त्याच चोवीस तासांत ताम्हिणीत ५५६ मिलिमीटर पडला होता. पुण्याच्या वर्षभराच्या पावसाच्या जवळजवळ तीन-चतुर्थांश पाऊस तिथे एका दिवसात. खडकवासल्यातून मुठेत ३५ हजार क्युसेकच्या वर पाणी सोडावे लागले, म्हणजे सेकंदाला सुमारे दहा लाख लिटर. भिडे पूल बुडाला, सिंहगड रस्त्यावरच्या सोसायट्यांमध्ये पाणी शिरले. नदीकाठच्या पेठांत जुन्या माणसांना १२ जुलै १९६१ आठवला. त्या दिवशी पानशेत फुटले, पाठोपाठ खडकवासला फुटले, आणि नदीकाठच्या पेठा पाण्याखाली गेल्या. दोन्ही वेळा पेठांचे भवितव्य दूरच्या धरणांतल्या पाण्यावर ठरले.

पाणी दुरून आणण्याची युक्ती मात्र धरणांच्या फार आधीची आहे. नानासाहेब पेशव्यांनी १७५० च्या सुमारास कात्रजला तलाव बांधून तिथून शहरापर्यंत जमिनीखालून नळ आणवला. कात्रज पेठांपेक्षा उंचावर आहे, त्यामुळे पाणी केवळ उताराने येई, उपसण्याची गरज नव्हती. नळ कुठे कुठे माणूस आत शिरून साफ करू शकेल एवढा उंच. गाळ बसावा म्हणून मध्ये टाक्या, हवा कोंडू नये म्हणून उच्छ्वास. हे पाणी शनिवारवाड्यात, नाना फडणवीसांच्या वाड्यात आणि पेठापेठांतल्या हौदांत खेळत असे. काळा हौद, फडके हौद, बदामी हौद ही नावे आज रस्त्याच्या पाट्यांवर उरली आहेत. फरासखान्याजवळचा बाहुलीचा हौद डॉ. विश्राम रामजी घोले यांनी आपल्या लेकीच्या आठवणीत बांधला आणि सर्व जातींना खुला केला. २०१९ मध्ये स्वारगेटला मेट्रोसाठी खणताना पाण्याचे जुने भुयार सापडले, तेव्हा नव्या पिढीला कळले की आपल्या पायाखाली जुनी पाण्याची वाट अजून शाबूत आहे.

हौदांबरोबर पेठेत आड होते. जवळजवळ प्रत्येक मोठ्या वाड्याला स्वतःचा आड. वाड्याची बांधणी पाहिली तर तिच्यात हवामान वाचता येते. जाड भिंती, दिवसाचे ऊन आत शिरायला संध्याकाळ होते. मधला चौक आभाळाला उघडा, रात्री तिथून गरम हवा वर निघून जाते. कौलांचे उतार चौकाकडे वळवलेले, पन्हळीतून पावसाचे पाणी चौकात उतरते. चौकाच्या फरशीला मातीचे सांधे असत, त्यांतून थोडे पाणी खाली मुरे, उरलेले मोरीवाटे बाहेर जाई. आडाला पाणी लागे ते अशाच मुरलेल्या पाण्याने.

मुरणे म्हणजे नेमके काय, हे दख्खनमध्ये समजून घेण्यासारखे आहे. पुण्याखालचा काळा पाषाण हा सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्हारसाचा आहे. एकावर एक थर. अखंड काळा दगड पाणी पीत नाही. पाणी राहते ते त्याच्या भेगांत, सांध्यांत, दोन थरांमधल्या मुरमाड पट्ट्यात आणि वरच्या झिजलेल्या मुरुमात. म्हणून एका आडाला बारमाही पाणी आणि शेजारच्या वाड्यातला आड मे महिन्यात कोरडा, असे घडते. भेग कुठून गेली आहे यावर सगळे अवलंबून. वाळूच्या प्रदेशात असते तसे इथे भूजल सगळीकडे सारखे पसरलेले नसते. ते थोडके असते, पावसाळ्यात लवकर भरते आणि उपसले की लवकर संपते. अशा जमिनीत वरून पाणी मुरण्याची वाट बंद केली, तर खालचा साठा भरून यायला दुसरा मार्ग नाही.

आणि पेठेने ती वाट बंद केली आहे. वाडे पाडून इमारती उभ्या राहिल्या, चौक पार्किंगमध्ये गेले, गल्ल्या काँक्रीटच्या झाल्या, आड बुजवले गेले. २० सप्टेंबर २०२४ रोजी दुपारी लक्ष्मी रस्त्यावरच्या सिटी पोस्टाच्या आवारात महापालिकेचा मैलावाहिन्या साफ करणारा ट्रक उभा होता. पायाखालचे पेव्हर ब्लॉक अचानक खचले आणि अख्खा ट्रक मागच्या मागे जमिनीत गेला. दर्शनी काच तेवढी आभाळाकडे तोंड करून वर. चालक वेळीच बाहेर पडला. त्या जागी जुनी विहीर होती, असे नंतर सांगण्यात आले. ती बातमी लोकांनी अपघात म्हणून पाहिली. मला त्यात पेठेच्या जलचक्राचा गाळलेला भाग दिसतो. बुधवार पेठेखाली अशा किती विहिरी झाकून टाकलेल्या आहेत, याची मोजदाद करून त्या भूजल पुन्हा भरण्यासाठी वापरणे हे काम शहराने मनावर घ्यायला हवे.

किती पाणी आपण वाया घालवतो ते मोजायला अवघड नाही. हजार चौरस फुटांची, म्हणजे सुमारे ९३ चौरस मीटरची गच्ची घ्या. वर्षाला साडेसातशे मिलिमीटर पाऊस म्हणजे तिच्यावर सत्तर हजार लिटर पाणी पडते. शहरात माणशी दिवसाला १३५ लिटर हा सरकारी मापदंड धरला तर चौघांच्या घराला रोज ५४० लिटर लागतात. एका गच्चीवरचे पाणी त्या घराला चार महिने पुरावे इतके. बाष्पीभवन, गळती, पहिल्या पावसाचे सोडून द्यावे लागणारे घाण पाणी वजा केले तरी तीन महिन्यांपेक्षा जास्त. आज हे पाणी पाइपातून रस्त्यावर आणि रस्त्यावरून गटारात जाते. त्या गटाराची क्षमता जुन्या पावसाच्या आणि जुन्या मातीच्या हिशेबाने ठरलेली. म्हणूनच तासभर जोराचा पाऊस झाला की शिवाजी रस्त्यावर आणि लक्ष्मी रस्त्यावर पाणी तुंबते.

न मुरलेल्या पाण्याचा दुसरा परिणाम उन्हाळ्यात जाणवतो. एप्रिलमधल्या निरभ्र दिवशी पुण्यात एका चौरस मीटरवर सहा-सात युनिट ऊन पडते. तिथे ओली माती किंवा झाडे असती तर त्यातली निम्मी उष्णता पाण्याची वाफ करण्यात खर्च झाली असती. दिवसात पाच लिटर पाणी उडाले तर साडेतीन युनिट त्यातच गेले. कोरड्या काँक्रीटला उडवायला पाणीच नाही. मग सगळी उष्णता भिंतीत, रस्त्यात आणि स्लॅबमध्ये शिरते आणि रात्री हळूहळू बाहेर येते. अरुंद गल्ल्यांमधून तिला आभाळ दिसत नाही, ती समोरच्याच भिंतीवर जाते. पेठेत वरच्या मजल्यावर राहणाऱ्यांना मे महिन्यात रात्री बारालाही भिंत हाताला गरम लागते ती यामुळे.

हवा तापत चालली आहे तेव्हा हा हिशेब आणखी कठीण होतो. तापमान एक अंशाने वाढले की हवेला सुमारे सात टक्के जास्त वाफ धरता येते. याचा अर्थ पावसाचे दिवस वाढतील असा नाही. हवा अधिक काळ वाफ साठवते आणि पाऊस पडतो तेव्हा एकदम पडतो. पाषाणच्या संस्थेतले रॉक्सी मॅथ्यू कोल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१७ मध्ये दाखवून दिले की १९५० ते २०१५ या काळात मध्य भारतात विस्तृत प्रदेशावर होणाऱ्या अतिवृष्टीच्या घटना तिपटीने वाढल्या, आणि त्यामागे अरबी समुद्रावरून येणाऱ्या आर्द्रतेतले चढउतार आहेत. पुण्याने ऑक्टोबर २०१० मध्ये एका दिवसात सुमारे १८१ मिलिमीटर पाऊस पाहिला. २५ सप्टेंबर २०१९ च्या रात्री आंबिल ओढ्याला आलेल्या पुराने माणसे वाहून नेली. कात्रजकडून येणारा हा ओढा पूर्वी कसब्याच्या पश्चिम अंगाने मुठेकडे जात असे, पुढे त्याचा प्रवाह पर्वतीजवळून वळवण्यात आला. ओढा वळवता येतो, पण त्याला मिळणारा पाऊस वळवता येत नाही.

पेठेने वापरलेल्या पाण्याचे पुढे काय होते? ते मैलावाहिन्यांतून शुद्धीकरण केंद्रांकडे जाते, काही न शुद्ध होता नदीत जाते. मुंढव्याला नदीतले पाणी उचलून कालव्यात सोडले जाते आणि त्यावर पूर्वेकडची शेती पिकते. पेठेतल्या मोरीत गेलेले पाणी उसाच्या पानांतून पुन्हा वाफ होऊन वर जाते, हा जलचक्राचा बाण पाठ्यपुस्तकात दाखवलेला नसतो. उरलेले मुळा-मुठेतून भीमेला मिळते, उजनीत थांबते, पंढरपूरला चंद्रभागा होते, रायचूरजवळ कृष्णेला जाऊन मिळते आणि आंध्रात बंगालच्या उपसागरात उतरते. टेमघरला पडलेला थेंब अरबी समुद्रापासून शंभर किलोमीटरच्या आत पडलेला असतो. तरी घरी जायला तो हजाराहून अधिक किलोमीटर उलट्या दिशेने चालतो, कारण दख्खनचे पठार पूर्वेकडे उतरते आणि सह्याद्रीचा माथा ही पाण्याची वाटणी करणारी रेषा आहे. माणसाने ही रेषाही ओलांडली आहे. शेजारच्याच मुळशी धरणातले मुळेचे पाणी बोगद्यांतून पश्चिमेला भिऱ्याला खाली सोडतात, त्यावर वीज होते आणि ते पाणी कुंडलिकेतून अरबी समुद्राला जाते. त्या धरणात जमिनी जाणार म्हणून १९२१ साली सेनापती बापटांच्या नेतृत्वाखाली मुळशीचा सत्याग्रह झाला.

पूर्वेच्या समुद्राचे पाणीही पेठेवर पडते. परतीच्या पावसाच्या दिवसांत बंगालच्या उपसागरात कमी दाबाची क्षेत्रे तयार होतात आणि त्यांतली काही पश्चिमेकडे सरकतात. १३ ऑक्टोबर २०२० रोजी असेच एक क्षेत्र काकीनाड्याजवळ किनाऱ्यावर चढले. ते तेलंगण ओलांडून सोलापुरावर आले, पंढरपूर आणि इंदापूर परिसराला बुडवत १४ तारखेच्या रात्री पुण्यापर्यंत पोचले आणि पुढे सह्याद्री ओलांडून अरबी समुद्रात शिरले. जून-जुलैतला ढग पेठेवर येतो तो सह्याद्रीवर बराचसा रिता होऊन. पूर्वेकडून येणाऱ्या ढगाला वाटेत तसा कडा लागत नाही. पुण्याला एका रात्रीत तुंबवून टाकणारे पाऊस सप्टेंबर-ऑक्टोबरात इतक्या वेळा का पडले, याचे एक कारण त्यात आहे.